कराचा दर आणि कराचा वसूल



श्रीमंतांवरील कर वाढविला म्हणजे सरकारचा खजिना आपोआप भरतो असे मानणारा एक पक्ष आपल्याकडे आहे, आणि तो कर उतरविला म्हणजेच खजिना भरतो असे मानणारा दुसरा. या दोहोंची भांडणे दर फेब्रुवारीत, अर्थसंकल्पाच्या आगेमागे, वर्तमानपत्रांतून आणि लोकलच्या डब्यांतून यथासांग चालतात. दोन्ही पक्षांना हात जोडून मला एवढेच विचारावयाचे आहे की, महाराज, आपण बोलत आहात ते दराविषयी की वसुलाविषयी? दर कायद्याच्या पुस्तकात असतो. वसूल तिजोरीत असतो, किंवा नसतो.

मी मरोळचा रहिवासी. आमच्या मरोशीच्या रस्त्याने थोडे पुढे गेले की आरे वसाहतीतले तबेले लागतात. तेथील कोणताही गवळी सांगेल की, म्हशीखाली मोठी चरवी धरली म्हणून दूध अधिक निघत नाही. दूध निघते ते जनावराने पान्हा सोडला तर. धसमुसळेपणाने आचळे ओढू लागलात तर ते पान्हा चोरते, लाथ झाडते आणि प्रसंगी होती तेवढीही चरवी उलथी करते. कराचा दर ही चरवी होय. लोकसभेत बाके वाजविली जातात ती चरवीच्या आकारासाठी. दूध किती निघाले हे पुढे दोन वर्षांनी हिशेबाच्या तक्त्यात छापून येते, आणि ते पान उलटून पाहण्याची तसदी फार थोडे लोक घेतात.

याचा दाखला शोधण्यास परदेशी जावयास नको, कारण तो आपल्या कऱ्हाडच्या यशवंतराव चव्हाणांच्या कारकीर्दीतच आहे. अर्थमंत्री या नात्याने त्यांनी १९७१ साली प्राप्तिकरावरील अधिभार वाढविला, तेव्हा दोन लाखांवरील उत्पन्नाचा दर ८५ टक्के मूळ आणि त्यावर १५ टक्के अधिभार मिळून ९७.७५ टक्के झाला. म्हणजे वरच्या प्रत्येक रुपयातील पावणेअठ्ठ्याण्णव पैसे सरकारजमा आणि सव्वादोन पैसे कमावणाऱ्याच्या पदरी. संपत्तिकर निराळाच होता; दोन्ही मिळून एखाद्याचा कर त्याच्या उत्पन्नाहून अधिक व्हावा, असाही प्रसंग संभवत असे. हेतू स्वच्छ होता. काळ ‘गरिबी हटाव’चा होता, बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांचा भार खजिन्यावर होता, आणि ज्याच्यापाशी आहे त्याने द्यावे, या तत्त्वाला कोणी सुज्ञ मनुष्य नाही म्हणणार नाही. पण त्या दरातील त्रैराशिक जरा मांडून पाहा. ज्याने एक रुपया सरळपणे दाखविला त्याला सव्वादोन पैसे राहिले; ज्याने तोच रुपया वहीबाहेर ठेवला त्याला पावणेअठ्ठ्याण्णव पैशांचा नफा झाला. इतका नफा देणारा दुसरा कोणता उद्यम त्या काळी मुंबईत होता, मला ठाऊक नाही. निवृत्त सरन्यायाधीश वांछू यांच्या समितीने १९७१ सालच्या आपल्या अहवालात करचुकवेगिरीच्या कारणांत या चढ्या दरांनाच अग्रस्थान दिले आणि अधिभारासह ७५ टक्क्यांची मर्यादा सुचविली. त्या सल्ल्याचा आदर करून १९७४ च्या अर्थसंकल्पात चढा दर ७७ टक्क्यांवर कोणी आणला? यशवंतरावांनीच. ज्या हाताने चरवी मोठी केली त्याच हाताने ती लहान करावी, याला मनाचा मोठेपणा लागतो, आणि त्याबद्दल त्यांना मिळावे तेवढे श्रेय मिळालेले नाही.

याच सुमारास आमच्या शिवेवर काय घडत होते, तेही ऐका. १९७३ साली, म्हणजे दिल्लीतील दर पावणेअठ्ठ्याण्णव असताना, मरोळच्या औद्योगिक वसाहतीला लागून सरकारने स्वतःच एक कुंपण घातले आणि आतील कारखान्यांना निर्यातीसाठी जकात-करांत सूट दिली. आज ज्याला सारे अंधेरी ‘सीप्झ’ म्हणून ओळखते, ते हेच क्षेत्र. एकाच सरकारला एका हाताने दर आभाळाला भिडवावे लागत होते आणि दुसऱ्या हाताने करांत सूट देणारा वाडा बांधावा लागत होता! त्या कुंपणाने रोजगार दिला, आमच्या भागातील कितीतरी घरांच्या चुली त्यावर पेटल्या, म्हणून मी त्याला दोष देणार नाही; पण दर आणि वसूल ही दोन निरनिराळी प्रकरणे आहेत, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांनाही आतून उमगले होते, याची ती एक विटामातीची कबुलीच म्हणावी लागेल.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो, कारण इतके ऐकून त्याच्या मुद्रेवर जे समाधान पसरले असेल ते काही योग्य नव्हे. ९७.७५ वरून ७७ वर येताना सरकारने आपल्या वाट्याचा सुमारे एक पंचमांश सोडला आणि करदात्याच्या हाती उरणारे सव्वादोन पैसे तेवीस झाले, म्हणजे दसपट. अशा वेळी म्हैस पान्हा सोडील, हे मीही मान्य करतो. परंतु १९९७ साली चिदंबरम् यांनी ४० चा दर ३० वर आणला तेव्हा सरकारने आपला एक चतुर्थांश वाटा सोडला आणि करदात्याचे साठ पैसे सत्तर झाले, अवघा एक षष्ठांश लाभ. आणि २०२३ साली सर्वांत श्रीमंतांचा दर, नव्या करपद्धतीत, ४२.७४ वरून ३९ वर आणला तेव्हा रुपयामागे पावणेचार पैसे काय ते अधिक राहिले. एवढ्यावर कोणी जास्त कष्टेल, लपविलेले उघड करील आणि खजिना दुथडी भरून वाहील, असे ज्यांना वाटते त्यांनी पाटीपेन्सिल घेऊन बसावे. दसपटीचा न्याय षष्ठांशाला लावता येत नाही. १९८५ साली विश्वनाथ प्रताप सिंह यांनी दर ५० वर आणल्यावर वसूल वाढला, हा दाखला ते हटकून देतात. तो खराच आहे, पण त्याच काळात धाडींचाही सपाटा चालला होता, हे सांगावयास ते विसरतात. पान्हा चुचकारल्याने आला की काठी दिसल्याने, याचा निवाडा इतक्या सोप्या रीतीने होत नाही.

म्हणून पुन्हा सांगतो, आणि पुनरुक्तीबद्दल क्षमा मागत नाही: दर म्हणजे वसूल नव्हे. दर वाढवावा की नाही या प्रश्नाआधी, चरवी धरली आहे ती कोणत्या जनावराखाली, हा प्रश्न विचारावा. मरोळनाक्यावर मेट्रोतून उतरणारा पगारदार घ्या. त्याचे दूध घरी पोचण्यापूर्वीच, कचेरीतच, काढून घेतलेले असते. त्याला पान्हा चोरण्याची सोयच नाही. खऱ्या धनवंताचे उत्पन्न मात्र पगारातून येत नाही, ते समभागांच्या वाढत्या मोलातून येते. आणि बाजारात नोंदलेले समभाग वर्षभराहून अधिक काळ बाळगून विकले तर त्या नफ्यावरील मूळ दर, २०२४ च्या जुलैपासून, साडेबारा टक्के आहे. विकलेच नाहीत, तर काहीच नाही. म्हणजे ३० टक्क्यांची मोठी चरवी शेळीखाली आणि साडेबाराची वाटी म्हशीखाली! अशा स्थितीत कोणी वरचा दर तिसाचा पस्तीस केला, तर त्याने शेळीच अधिक पिळली जाईल आणि सभेत मात्र श्रीमंतांना शासन झाल्याच्या टाळ्या पडतील. माझे स्वतःचे मत विचाराल तर, आजचे दर पाहता श्रीमंतांकडून अधिक वसूल निश्चित काढता येईल. पण तो वरचा आकडा वाढवून नव्हे, तर या दोन भांड्यांतील अंतर कमी करून.

संपत्तिकराची गोष्ट येथे ध्यानी घेण्याजोगी आहे. १९५७ पासून तो कर चालू होता. नावाने केवढा दरारा! पण २०१३-१४ साली साऱ्या हिंदुस्थानातून त्याचा वसूल निघाला १,००८ कोटी. २०१५ साली अरुण जेटली यांनी तो रद्द केला आणि त्याच्या जागी कोटीवरच्या उत्पन्नावर दोन टक्के जादा अधिभार बसविला, ज्यातून ९,००० कोटींची अपेक्षा त्यांनी सभागृहात सांगितली. संपत्तिकर गेला म्हणून कित्येकांनी हळहळ व्यक्त केली. नऊपट अपेक्षेची दखल कोणी घेतली, असे मला स्मरत नाही. मृत्युकराचेही तेच झाले. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ साली तो सुरू झाला, पुढे त्याचा चढा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला, आणि १९८५ साली रद्द होताना वर्षाकाठी सुमारे २० कोटी रुपये देत होता. ८५ टक्के आणि २० कोटी. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून भिंतीवर लावावेत. मृत्युकर पुन्हा आणावा काय, अशी चर्चा अधूनमधून उठते. आणावा, असे माझे मत आहे, मात्र अल्प दराने आणि पळवाटांवाचून. विश्वस्त निधींच्या आडून तो टाळण्याची जी वाट राहील तिचा बंदोबस्त आधी कसा करावयाचा, याविषयी मला दोन सूचना करावयाच्या होत्या, पण घड्याळ मला त्या करू देईलसे दिसत नाही.

राहता राहिला शेतीच्या उत्पन्नाचा विषय. राज्यघटनेने तो राज्यांकडे सोपविला असल्यामुळे केंद्राच्या प्राप्तिकराला त्या गोठ्याचे दार बंद आहे, आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने ते बंदच असावे. परंतु त्या दाराआड, शेतकऱ्याच्या मागे उभे राहून, कर्जत-अलिबागकडे बागायती घेतलेले आमचे जे मुंबईकर... वेळ संपल्याची खूण म्हणून निवेदकांनी बोट वर केले आहे.