सणातला एकटा माणूस
(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात, चित्रपटाच्या खेळानंतर चित्रपट गटाच्या वतीने केलेले भाषण)



आत्ताच आपण 'ब्लास्ट ऑफ सायलेन्स' हा १९६१ सालचा अमेरिकन चित्रपट पाहिला. तो निवडला म्हणून आम्हाला बरंच ऐकून घ्यावं लागलं. "गणपतीत नाट्यसंगीत ठेवा, एकांकिका ठेवा. सुपारी घेऊन माणसं मारणाऱ्याची गोष्ट कशाला?" असं काही काकामंडळींनी विचारलं. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर द्यायला आम्ही उभे आहोत.

ज्यांना यायला उशीर झाला त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. फ्रँकी बोनो हा धंदेवाईक मारेकरी क्लीव्हलंडहून रेल्वेने न्यूयॉर्कला येतो. नाताळचे दिवस आहेत. ट्रॉयानो नावाच्या गुंडाची सुपारी त्याने घेतली आहे. पाळत ठेवायची, पिस्तूल मिळवायचं, काम उरकून निघून जायचं, एवढाच त्याचा बेत. पण अचानक जुना मित्र पीटी भेटतो. दोघे एकाच अनाथालयात वाढलेले. पीटी त्याला आग्रहाने मेजवानीला नेतो आणि तिथे पीटीची बहीण लॉरी भेटते.

एरवी अशा चित्रपटांत भूतकाळ पोलिसाच्या नाहीतर सूड घेणाऱ्या शत्रूच्या रूपाने येतो. इथे तो जेवणाचं आमंत्रण घेऊन येतो, आणि फ्रँकीला नेमकं तेच झेपत नाही. दुसऱ्या दिवशी लॉरी त्याला घरी जेवायला बोलावते, आपुलकीने विचारपूस करते. त्या आपुलकीचा तो भलताच अर्थ लावतो आणि तिच्यावर जबरदस्ती करू पाहतो. ती त्याला निघून जायला सांगते. त्यानंतर त्याचं कामातलं चित्त उडतं. हे काम नको, असं तो मालकांना कळवतो. पण या धंद्यात राजीनामा नसतो. तो सुपारी पुरी करतो, आणि पैसे घ्यायला गेल्यावर त्याच्याच माणसांच्या गोळ्यांनी पाणथळ चिखलात पडतो.

आता हा चित्रपट कसा झाला ते सांगतो, कारण वर्गणी गोळा करून नाटकं उभी करणाऱ्या आपल्या मंडळाला त्याचं मोल कळेल. जेमतेम २० हजार डॉलरच्या आसपास भांडवल. दिग्दर्शक ॲलन बॅरन हा पूर्वी चित्रकथांची चित्रं काढणारा ब्रुकलिनचा तरुण. फ्रँकीच्या भूमिकेसाठी पीटर फॉक, म्हणजे पुढे 'कोलंबो' म्हणून गाजलेला नट, ठरला होता. त्याला दुसरा चित्रपट मिळाला, आणि बॅरन स्वतःच फ्रँकी झाला. निर्माता मेरिल ब्रॉडी यानेच कॅमेरा धरला. सेट बांधायला पैसे नव्हते, म्हणून हार्लेम, ग्रीनिच व्हिलेज, रॉकफेलर सेंटर, स्टेटन आयलंडची फेरी इथे थेट रस्त्यावर, पुष्कळदा परवानगीशिवाय, चित्रण केलं. दुकानांच्या रोषणाईसमोरून फ्रँकी चालतो तेव्हा आजूबाजूला खरं शहर आहे. शेवटचा प्रसंग तर खऱ्या वादळात टिपलेला आहे. स्टुडिओत तो वारा विकत घ्यायची ऐपतच नव्हती!

आणि तो खरखरीत आवाज! संपूर्ण चित्रपटभर एक निवेदक फ्रँकीशी "तू" म्हणून बोलतो. सुरुवातीला पडदा काळा असतो आणि हा आवाज त्याला त्याच्या जन्माची हकिगत सांगतो. मग गाडी बोगद्यातून उजेडात येते. आवाज आहे लायोनेल स्टँडरचा, निवेदनाचे शब्द वॉल्डो सॉल्टचे. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवूडने ज्यांच्यासाठी दारं बंद केली होती, त्यांतले हे दोघे. म्हणून स्टँडरचं नाव श्रेयनामावलीत नाही आणि सॉल्टचं आहे ते टोपणनावाने. याच सॉल्टला पुढे 'मिडनाइट काउबॉय'च्या पटकथेसाठी ऑस्कर मिळालं.

आपल्या मराठीत "तू" म्हणायचा हक्क आईला, देवाला आणि बालमित्राला. फ्रँकीला आई नाही, देवाशी त्याचा संबंध नाही, आणि बालमित्र भेटतो तो फार उशिरा. मग त्याला "तू" म्हणणारं त्याच्या डोक्यातलं तेवढंच उरतं, आणि तेसुद्धा द्वेषच शिकवतं.

इथे आम्हाला वाल्या कोळी आठवला. रांजण भरेपर्यंत माणसं मारणारा वाल्या आपण लहानपणी आजीच्या तोंडून ऐकला. नारदांनी त्याला एकच प्रश्न घरी विचारून यायला सांगितला: माझ्या पापात तुम्ही वाटेकरी होणार का? बायकामुलांनी नाही म्हटलं, आणि त्या नकाराने वाल्याचे डोळे उघडले. आपण लक्ष देतो ते नारदांकडे आणि नामाकडे. पण वाल्याला जाऊन विचारायला घर होतं, ही गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. फ्रँकीपाशी तो प्रश्न न्यायला उंबरठाच नाही. आम्ही त्याचे खून माफ करत नाही, चित्रपटही करत नाही. पण वाल्याचा वाल्मीकी होतो आणि फ्रँकीचा होत नाही, यातला फरक फक्त दोघांच्या स्वभावात नाही, एवढं आम्हाला वाटतं.

आता थोडं आपल्याबद्दल. मागच्या उत्सवात एक मुलगा रोज आरतीला यायचा आणि चपलांच्या रांगेपाशी उभा राहायचा. कुठल्याशा कारखान्यात नवीन लागलेला असावा. आपण त्याला विचारलं, "कोणाकडचे आपण?" चार पिढ्या इंदुरात काढलेली आपली घरं, आडनाव सांगितलं की गल्ली, वाडा, आजोबा सगळं जुळतं. त्याचं काहीच जुळलं नाही. आपण प्रसाद दिला आणि ओळखीच्यांकडे वळलो. चौथ्या दिवसापासून तो आला नाही. "आपण" म्हणजे कोणी दुसरे नव्हेत. प्रसादाच्या ताटाशी त्या दिवशी आम्हीच होतो.

तो मुलगा कोणी मारेकरी नव्हता, चांगल्या घरचाच असेल. पण अनंत चतुर्दशीला झांक्या पाहायला रात्रभर लोटणाऱ्या गर्दीत असा एकटा माणूस कितीदा आपल्या खांद्याला खांदा लावून उभा असेल, हे हा चित्रपट पाहीपर्यंत आमच्या मनात आलं नव्हतं. म्हणून हा चित्रपट गणपतीत.

उद्या महाप्रसाद आहे. वाढपी म्हणून आमचा गट आहेच. पंगतीत कोणी अनोळखी दिसला तर "कोणाकडचे?" हे नंतर विचारू, आधी पान मांडू.

 गणपती बाप्पा मोरया!