तुरुंगासाठी येणारा पैसा आणि तुरुंगातला शिपाई
(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर, थोडा संक्षेप करून)



चिटणीसांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी 'तुरुंग' म्हणालो आणि पलीकडे जरा शांतता पसरली. त्यांचं चूक नाही. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात चार-चार पिढ्या काढलेल्या आपल्या घरांचा तुरुंगाशी संबंध काय? जेल रोडवरून जाताना उंच भिंत दिसते, इतकाच. आमच्याकडे एक जुनी जेलची सतरंजी आहे, ती लग्नकार्यात निघते. माझे आजोबा सरकारी नोकरीत होते. सरकार म्हणजे अर्थात गायकवाड सरकार. आपल्या घरांत अजून तोच अर्थ चालतो. १ मे १९४९ ला बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं तेव्हा कचेऱ्यांबरोबर तुरुंगही मुंबईकडे गेला, आणि १९६० साली गुजरातकडे आला.

मी वकिली केली. कायदा-सहाय्याच्या निमित्ताने निरनिराळ्या तुरुंगांत जाणं झालं. एका जिल्हा तुरुंगात (नाव नको) बराकीच्या किल्ल्या सांभाळणारा एक कोवळा शिपाई भेटला. जेमतेम मिसरूड फुटलेला. दीडशे माणसं त्याच्या ताब्यात. मी विचारलं, "शिकवलं काय तुला?" म्हणाला, "साहेब, जुन्या माणसाबरोबर आठ दिवस फिरलो." ते आठ दिवस माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत. आजचं भाषण त्याच्यापायीच आहे.

तुरुंग चालवणं ही शिकायची विद्या आहे, हे आपल्या सरकारला कळलं नव्हतं असं नाही. १९५१ साली भारत सरकारने संयुक्त राष्ट्रसंघाचे तज्ज्ञ डॉ. वॉल्टर रेकलेस यांना बोलावून घेतलं. त्यांनी आपल्या तुरुंगांचा अभ्यास केला आणि सांगितलं की तुरुंग ही माणूस सुधारण्याची जागा व्हावी, आणि जुनाट नियमपुस्तकं बदलावीत. त्यावरून १९५७ मध्ये समिती नेमली गेली, १९६० मध्ये तिचा अहवाल आला. पुढे न्यायमूर्ती मुल्ला यांची समिती १९८० ते १९८३ या काळात बसली. तिने तर सुचवलं की पोलिसांची असते तशी तुरुंग-सेवा ही अखिल भारतीय सेवा म्हणून उभारा. ती काही उभी राहिली नाही. कारागृह हा घटनेप्रमाणे राज्यांचा विषय. त्यामुळे केंद्राने सल्ला द्यायचा, राज्याने फाईल करायची, असं चालत आलं.

आता पैशाकडे येतो. २००२-०३ साली केंद्राने तुरुंग आधुनिकीकरणाची योजना काढली. एकूण रक्कम १,८०० कोटी रुपये. रुपयातले ७५ पैसे केंद्राचे, २५ राज्याचे. पाच वर्षांची योजना २००९ पर्यंत लांबली. रक्कम कशासाठी होती? नवे तुरुंग, जुन्यांची दुरुस्ती व वाढ, कर्मचाऱ्यांची घरं, आणि पाणी-संडास. चारही गोष्टी लागणाऱ्याच आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही. माणसाला झोपायला जागा नाही तिथे सुधारणेच्या गप्पा काय करणार? पण या चारांत प्रशिक्षणाचं खातं नव्हतं. मग २०२१ ते २०२६ या काळासाठी आणखी ९५० कोटींचा प्रकल्प आला. त्याचा मुख्य भर सुरक्षेच्या आधुनिक साधनांवर: अंग तपासणारी यंत्रं, कॅमेरे, न्यायालयाशी चित्रफितीने जोडणी. बंद्यांच्या सुधारणेचा उल्लेखही त्यात आहे, नाही असं नाही. पण कॅमेऱ्याचं बिल दाखवता येतं, फोटो काढता येतो, उद्घाटन करता येतं. शिपायाला चार महिने वर्गात बसवलं तर फीत कोणी कापायची?

प्रशिक्षणाच्या जागा अगदीच नाहीत असं नाही. येरवड्याला दौलतराव जाधव यांच्या नावाचं तुरुंग अधिकाऱ्यांचं महाविद्यालय आहे. वेल्लोरला १९७९ पासून दक्षिणेच्या राज्यांसाठी प्रबोधिनी आहे. दिल्लीचं पोलीस संशोधन व विकास ब्युरो काही अभ्यासक्रमांना पैसे देतं. पण मुळात माणसंच कमी. २०२२ अखेरच्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशात तुरुंगांसाठी मंजूर जागा सुमारे ९१ हजार, आणि प्रत्यक्ष नोकरीत सुमारे ६३ हजार. त्याच तारखेला कैदी ५,७३,२२०, तर जागा ४,३६,२६६ जणांची. म्हणजे शंभराच्या जागी एकशे एकतीस. अशा वेळी कोणता अधीक्षक आपला हवालदार दोन महिने प्रशिक्षणाला सोडेल? अधीक्षकाला दोष देऊन चालणार नाही, त्याच्या जागी तुम्ही-मी असतो तरी सोडला नसता.

अमेरिकेचं उदाहरण थोडक्यात सांगतो. १९७१ साली न्यूयॉर्क राज्यातल्या अॅटिका तुरुंगात बंड झालं, ४३ माणसं गेली. त्या धक्क्यानंतर १९७४ मध्ये त्यांच्या संसदेने केंद्र सरकारच्या पैशाने एक संस्था काढली. तिचं काम गावोगावच्या तुरुंगाधिकाऱ्यांना शिकवणं, आणि एखाद्या तुरुंगाने मदत मागितली तर जाणता माणूस तिथे पाठवणं. अमेरिकेचे तुरुंग आदर्श आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. पण शिकवण्यासाठी तिथे निराळी तरतूद झाली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

आणि इतक्या लांब कशाला? आपल्या जेल रोडवरच पाहा. 'डूइंग टाइम, डूइंग विपश्यना' हा १९९७ सालचा माहितीपट दोन इस्रायली बायकांनी केला. तिहारबरोबर त्यात आपला बडोद्याचा तुरुंग आहे. १९९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या महोत्सवात त्याला पारितोषिक मिळालं. परदेशातल्या तुरुंगवाल्यांनी बडोद्याचं नाव ऐकलं ते असं. बडोदेकरांपैकी किती जणांनी तो पाहिला, हात वर करा. (दोन हात वर.) ठीक. विपश्यना चांगली की वाईट हा आजचा विषय नाही. मुद्दा एवढाच, की या शिबिरांत आधी तुरुंगातल्या काही अधिकाऱ्यांनी स्वतः बसायचं, असा परिपाठ आहे. नव्या इमारतीची त्याला गरज पडत नाही. शिकायला तयार असलेला अधिकारी लागतो.

संस्थानी काळातलं आणखी एक आठवतं. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींच्या राज्यात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. खुनाचे कैदी, आणि भिंत नाही. मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे अभियंते त्यामागे होते. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' त्यावरूनच निघाला, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या चित्रपटाचा नायक जेलर आहे, हे मात्र आपण विसरतो.

शिकलेला कर्मचारी नसला की चांगली योजनाही कशी वाया जाते, ते सांगतो. २०२२ अखेर देशातल्या कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा निकाल लागलेला नाही असे. त्यांत जामीन मंजूर होऊनही केवळ पैशाअभावी आत राहिलेले असतात. त्यांच्यासाठी २०२३ मध्ये केंद्राने योजना काढली, वर्षाला २० कोटींची. मूळ नियमांप्रमाणे कच्च्या कैद्याच्या जामिनाला ४०,००० रुपयांपर्यंत, आणि शिक्षा झालेल्याच्या दंडाला २५,००० पर्यंत मदत. योजना उत्तम. पण सुरुवात कुठून होते? जामिनाचा हुकूम होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर तुरुंगाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. हे कळवणार कोण? तिथला कारकून. त्याला योजनाच माहीत नसेल तर आठव्या दिवशी काही घडत नाही आणि ऐंशीव्या दिवशीही नाही. पैसा दिल्लीत पडून, माणूस बराकीत पडून.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. आपण निवडणुकीच्या वेळी उमेदवारांना बोलावतो, हार घालतो, मराठी शाळेचा प्रश्न विचारतो, तो विचारायलाच हवा. त्याच्या जोडीला माहितीच्या अधिकारात एक अर्ज करूया: बडोद्याच्या मध्यवर्ती तुरुंगात मंजूर जागा किती, भरलेल्या किती, गेल्या पाच वर्षांत किती कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण मिळालं, कुठे, किती दिवसांचं, त्यावर खर्च किती, जामीन होऊन सात दिवसांवर आत राहिलेल्या किती जणांची नावं प्राधिकरणाकडे गेली. उत्तर चांगलं आलं तर याच पत्रिकेत छापू आणि अधीक्षकांचा सत्कार करू. वाईट आलं तर आमदारांकडे जाऊ. शिवाय तुरुंगाला भेट देणारे बिनसरकारी सदस्य सरकार नेमत असतं. आपल्यातले निवृत्त शिक्षक, डॉक्टर, बँकेतली मंडळी, विशेषतः स्त्रिया, यांनी त्यासाठी नाव द्यायला काय हरकत आहे? दुपारची झोप थोडी कमी होईल.

अर्जाचा मसुदा मी चिटणीसांकडे ठेवून जातो. ज्यांना वाचायचा असेल त्यांनी चहाच्या वेळी वाचावा, आणि सह्या करायच्या असतील तर पेन माझ्याकडे आहे.