शाळेच्या पटावरची माणसे



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार माणसांनी एकत्र बसून सर्वांच्या हिताचा विचार करावा, ही चाल तेव्हापासून महाराष्ट्रात रुजली. अशा व्यासपीठावर विद्वान माणसे बोलावतात. मी विद्वान नाही. माझे शालेय शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे जे काही शिकलो ते गेटसभेत, कोर्टाच्या व्हरांड्यात आणि रेल्वेच्या डब्यात. तरीही चालकांनी मला ‘माजी विद्यार्थी संघ’ हा विषय दिला, तेव्हा मी तो आनंदाने घेतला. कारण सातवीत शाळा सुटलेला माणूसही माजी विद्यार्थीच असतो, हे सांगण्याची संधी मला पुन्हा कोठे मिळणार?

माजी विद्यार्थी संघ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? एक मांडव, शाल-श्रीफळ, निवृत्त गुरुजींचा सत्कार, एकत्र फोटो, जेवण. मग वर्षभर व्हॉट्सॲपवर सुप्रभात आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा. एखादा बऱ्या स्थितीतला वर्गमित्र शाळेला पंखा देतो आणि पंख्याच्या पात्यावर आपल्या वडिलांचे नाव रंगवून घेतो. पंखा फिरू लागला की नाव कोणालाच वाचता येत नाही, ही गोष्ट वेगळी! मी याची थट्टा करीत नाही. जुने सोबती भेटावेत, गुरुजींच्या पाया पडावे, ही इच्छा चांगलीच आहे. पण एवढ्यावर जो संघ थांबतो तो दोन-तीन वर्षांत विझतो, कारण त्याला काम नसते. काम नसलेली संघटना टिकल्याचे मी माझ्या आयुष्यात पाहिलेले नाही.

काम असलेला संघ काय करू शकतो, याची साक्ष आपल्याच इतिहासात आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनी आणि तेथून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी १८४८ साली स्टूडंट्स लिटररी ॲण्ड सायंटिफिक सोसायटी नावाची सभा काढली. दादाभाई नौरोजी त्या मंडळींत होते. प्रारंभी तेथे निबंध वाचले जात. पण एक वर्षात, म्हणजे १८४९ साली, याच तरुणांनी मुलींच्या शाळा उघडल्या. दारोदार जाऊन आईबापांची मनधरणी केली, शिव्या खाल्ल्या, आणि आपले दिवसाचे काम सांभाळून सकाळी विनावेतन शिकविले. नाना शंकरशेटांनी आपल्या वाड्यात जागा दिली. पाहा, आपल्याला मिळालेली विद्या आपल्यापाशी न ठेवता, जिला शाळेचे दारच बंद होते तिच्यापर्यंत ती नेण्याचे काम त्यांनी हाती घेतले. त्यांना एकमेकांशी जोडून ठेवले ते या कामाने.

दुसरे उदाहरण रयत शिक्षण संस्थेचे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी ही संस्था स्थापली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीला जेवली, स्वतः राबली आणि शिकली. या मुलांतील कितीतरी जण पुढे त्याच संस्थेत शिक्षक म्हणून परतले. बॅरिस्टर पी. जी. पाटील याच वसतिगृहाचे विद्यार्थी. ते विलायतेहून शिकून आले आणि संस्थेचे सचिव झाले. माजी विद्यार्थ्याने शाळेला द्यावयाची सर्वांत मोठी देणगी म्हणजे आपल्या आयुष्याचा काही भाग, हे त्यांनी दाखविले.

तिसरे उदाहरण आपल्या खानदेशातले. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि १९३० साली स्वातंत्र्याच्या चळवळीसाठी ती नोकरी सोडून गेले. अवघी सहा वर्षे! त्या सहा वर्षांत त्यांनी वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालविले आणि ‘विद्यार्थी’ नावाचे मासिक काढले. शाळेच्या घंटेनंतरही मुलांशी बोलत राहिले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी होती. संबंध टिकवावयाचे तर नियमाने शब्द पोहोचला पाहिजे, एवढा धडा आपण त्यातून घेऊ.

आता आपल्या घरचा विचार करू. खांडबारा हे सुरत–जळगाव रेल्वेमार्गावरचे स्टेशन. याच मार्गावर पुढे नवापूर लागते. त्या स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. आपल्या माणसांचे आयुष्यही तसेच दोन राज्यांत वाटलेले आहे. दिवाळी झाली की नवरा-बायकोची जोडी एक कोयता म्हणून मुकादमाच्या वहीत लागते, उचल घेतलेली असते, आणि बारडोली-सुरतेकडच्या उसाच्या फडाची वाट धरावी लागते. कोणी बांधकामावर जातो, कोणी सुरतेच्या कारखान्यात. बरोबर लेकरे जातात. जानेवारीत शाळेच्या पटावर नाव असते, पण बाकावर मूल नसते. मूल एकदा फडावर गेले, दुसऱ्यांदा गेले, की तिसऱ्या वर्षी शाळेलाही त्याची सवय होते.

मग माझा प्रश्न असा : हे मूल तीस वर्षांनी माजी विद्यार्थी संघाच्या यादीत असते काय? बहुतेक नसते. आपल्या याद्या दहावीच्या तुकडीवरून तयार होतात. परीक्षेला बसला तो आपला, आधी गळाला तो विसरला. कामगार चळवळीत आम्ही एक नियम पहिल्या दिवशी शिकतो. मालक सांगेल ती यादी घेऊन सभासद मोजू नयेत. मस्टर मागावे, हजेरीपट मागावा, कंत्राटी माणसाचे नावही शोधून काढावे. शाळेचे मस्टर म्हणजे तिचे जनरल रजिस्टर. त्यात नाव दाखल झाले तो माजी विद्यार्थी, मग तो डॉक्टर झालेला असो की तिसरीत शाळा सुटून ऊसतोड्या झालेला असो. माझे नाव कोणत्याही शाळेच्या गुणवत्ताफलकावर नाही. पण एका रजिस्टरात ते आहे, आणि ते कोणी खोडू शकत नाही.

या रजिस्टराचे मोल किती आहे, हे मी रोजच्या कामात पाहतो. आपल्या पिढीतली किती माणसे १ जूनला जन्मली आहेत! आईबापांना तारीख ठाऊक नव्हती, शाळा जूनमध्ये उघडत असे, गुरुजींनी सर्वांना एकच वाढदिवस देऊन टाकला. हसू येते खरे, पण पुढे कारखान्याच्या कागदावर एक तारीख, आधारवर दुसरी, आणि भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावर तिसरी निघाली म्हणजे हसू मावळते. एका कामगाराचे स्वतःच्या घामाचे पैसे केवळ जन्मतारीख जुळत नाही म्हणून अडले होते. त्याला शाळेचा दाखला हवा होता, आणि शाळा सोडून चाळीस वर्षे झालेली. दाखला कोठे, कसा मागावा हे ठाऊक नाही. एक दिवस गावी यावे तर रोज बुडतो. अखेर त्याच्याबरोबर दुसरीत बसलेला एक जण गावी होता. त्याने शाळेत जाऊन अर्ज दिला, रजिस्टरातली ओळ शोधून काढली, आणि काम झाले. त्या दोघांचा कोणताही संघ नव्हता. एकाला दुसऱ्याचा ठावठिकाणा माहीत होता, इतकेच. ठावठिकाणा माहीत असणे ही गोष्ट केवढी मोठी आहे, ते ज्याचे अडते त्याला विचारा.

जातवैधतेचे प्रकरण तर याहून कठीण. अनुसूचित जमातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने ६ सप्टेंबर १९५० रोजी जाहीर झाली. जातपडताळणीत त्यापूर्वीच्या जुन्या नोंदीला, आजोबा-पणजोबांच्या शाळेतल्या नावापुढे लिहिलेल्या जमातीला, मोठे वजन असते. म्हणजे ज्या आजोबांनी शाळेत दोनच वर्षे काढली त्यांची ती एक ओळ आज नातवंडाच्या नोकरीचा आधार होते. आणि ते रजिस्टर कोठे असते? कपाटाच्या तळाशी, वाळवीच्या तोंडी. त्यावर जिल्हा पश्चिम खानदेश असेल, नाहीतर धुळे असेल. नंदुरबार जिल्हा तर १ जुलै १९९८ रोजी झाला. जिल्हे बदलतात, मुख्याध्यापक बदलतात, पण ती ओळ राहिली पाहिजे. ती राखणे, मुख्याध्यापकांच्या परवानगीने व त्यांच्या देखरेखीखाली त्या पानांची छायाचित्रे काढून ठेवणे, हे माजी विद्यार्थी संघाचे पहिले काम मी मानतो. पंखा नंतर द्या. आधी ते कपाट दुरुस्त करा.

दुसरे काम ठावठिकाण्याच्या वहीचे. प्रत्येक पाड्यावर एक माणूस नेमा. त्याने आपल्या पाड्यावरून शाळेत गेलेल्या सर्वांची नावे लिहावीत आणि कोण कोठे आहे ते वर्षातून दोनदा ताजे करावे. उधन्याला उतरलेल्या नव्या पोराला पहिल्या रात्री ओळखीचे दार हवे असते. नातेवाईक प्रत्येक ठिकाणी नसतात. जातभाई आपल्या जातीपुरते पाहतो. पण शाळेच्या बाकावर मावची, कोकणी, भिल्ल, गुजर, मुसलमान अशी सारी मुले शेजारी बसलेली असतात. गाव, कूळ आणि जात या तिन्ही कुंपणांपलीकडे जाणारे नाते गरीब माणसाला बहुधा शाळेतच पहिल्यांदा मिळते. ते सांभाळले नाही तर आपली एक मोठी ताकद आपणच वाया घालवली असे होईल.

येथे बहिणींविषयी वेगळे बोलले पाहिजे. लग्न झाले की मुलीचे आडनाव बदलते, गाव बदलते, आणि ती यादीतून नाहीशी होते. मुलांच्या तुकड्यांची स्नेहसंमेलने होतात. त्याच तुकडीतल्या मुली कोठे गेल्या, हे कोणी विचारीत नाही. म्हणून वहीत मुलीचे माहेरचे नाव आधी लिहावे, सासरचे पुढे. आणि मेळाव्याची तारीख विचारपूर्वक ठरवावी. डिसेंबर-जानेवारीत मेळावा घेतला तर निम्मे माजी विद्यार्थी फडावर असतात आणि लेकी सासरी. मग येणार कोण? नोकरदार. मेळावा आखाजीच्या सुमारास घ्या. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, तोपर्यंत ऊसतोडही आवरत आलेली असते, शाळेच्या खोल्या सुटीमुळे रिकाम्या असतात. नुसती तारीख बदलली तरी संघाचा चेहरा बदलेल.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला सात माणसे लागतात. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला तेव्हा त्यातही सातच माणसे होती. म्हणजे सात माणसे प्रामाणिकपणे उभी राहिली तर संघटना होऊ शकते, हे ब्रिटिश सरकारलाही मान्य होते! पण नोंदणी म्हणजे जबाबदारी. महाराष्ट्रात अशी संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली येते. दरवर्षी हिशेब तपासून द्यावे लागतात, कार्यकारिणी बदलली तर नव्वद दिवसांत बदल कळवावा लागतो. ते न केल्यामुळे पुष्कळ संस्था कागदावर मेलेल्या पुढाऱ्यांच्या ताब्यात असतात. तेवढी तयारी नसेल तर पहिली दोन वर्षे नोंदणीशिवाय वही आणि मेळावा चालवा; पण पावतीशिवाय एक रुपया घेऊ नका.

आणि वर्गणी सर्वांकडून घ्या. एका श्रीमंताकडून लाख रुपये घेतले तर संघ त्याचा होतो. हजार जणांकडून थोडेथोडे घेतले तर संघ हजारांचा राहतो. ज्याने दहा रुपये दिले तो सभेत उभा राहून हिशेब विचारतो. हिशेब विचारणारा सभासद हा संघटनेचा प्राण आहे. त्याला खाली बसवू नका.

कोणी म्हणेल, मुलांच्या शाळागळतीचे काम सरकारचे आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा आहे, शाळा व्यवस्थापन समिती आहे. खरे आहे. सरकारची जबाबदारी मी एका शब्दानेही कमी करीत नाही. पण कायदा आपल्या पायांनी पाड्यावर चालत येत नाही. दिवाळीनंतर कोणत्या घराला कुलूप लागणार, कोणत्या लेकराला आजीपाशी किंवा वसतिगृहात ठेवता येईल, हे कार्यालयाला कळण्याच्या आधी शेजाऱ्याला कळते. तो शेजारी स्वतः कधी काळी फडावर नेलेले मूल असेल, तर त्याचा शब्द आईबाप ऐकतात. म्हणूनच गळालेला विद्यार्थी संघात हवा असे मी म्हणतो. शाळा का सुटते याचा खरा जाणकार तोच आहे.

नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गोळीबाराला सामोरे गेले. शाळकरी वयाच्या त्या मुलांची नावे आपण विसरलेलो नाही, विसरूही नये. पण ज्यांनी काहीच असाधारण केले नाही, नुसते कष्ट केले, त्यांचीही नावे जपणारी एक जागा हवी. आपल्या गावात ती जागा शाळा आहे.

तेव्हा माझी विनंती एवढीच. या व्याख्यानमालेची सांगता होण्यापूर्वी सात माणसे पुढे या, त्यांत निदान तीन बहिणी असू द्या, आणि मुख्याध्यापकांना भेटून रजिस्टर पाहण्याची रीतसर परवानगी मागा. पहिल्या पानावरच्या पहिल्या नावापासून सुरुवात करा. जो हयात असेल त्याला शोधा. नसेल तर त्याच्या घरी जाऊन सांगा की, तुमच्या माणसाचे नाव आमच्या वहीत आहे.