आवाजातील अंतर



मनुष्याच्या आवाजाचा विषय निघाला की चर्चा प्रथम गोडव्याकडे वळते, आणि ज्याला कंठमाधुर्याची देणगी नाही त्याने बोलताना संकोचावे, अशी समजूत आपल्या शिष्ट समाजात रूढ झाली आहे. ती मला मान्य नाही. बोलणाऱ्याने ऐकणाऱ्याला आपल्यापासून किती अंतरावर उभे केले आहे हे सांगणे, हे आवाजाचे खरे कार्य होय. आणि ते घोगरा आवाज जितक्या प्रामाणिकपणे करतो, तितक्या प्रामाणिकपणे मंजूळ आवाज नेहमी करतोच असे नाही.

नाट्यशास्त्रात भरताने वाणीची उर, कंठ आणि शिर अशी तीन स्थाने सांगितली, आणि जवळच्याशी बोलताना स्वर उरातून, थोड्या अंतरावरच्याशी कंठातून व दूरस्थाला हाक घालताना शिरातून निघावा, असा दंडक घालून दिला. काकूच्या, म्हणजे भावानुसार पालटणाऱ्या स्वराच्या, विवेचनात तर, वाक्य संपूनही ज्यात काही अपेक्षा उरते तो पाठ साकांक्ष आणि ज्यात ती उरत नाही तो निराकांक्ष, असा भेदही त्याने केला. ह्या भेदाचे उदाहरण शोधण्यास आपल्याला कोल्हापूरची पंचगंगा ओलांडण्याचे कारण नाही. दारात उभ्या राहिलेल्या मुलाला आपल्याकडची आजी 'आलास व्हय रं?' असे म्हणते, तेव्हा 'व्हय'वरचा स्वर किंचित लांबला तर तो आनंद असतो, तुटला तर उशिराबद्दलचा जाब असतो, आणि खाली उतरत विरला तर वाट पाहून थकलेल्या जिवाचा सुस्कारा असतो. परगावचा मनुष्य ह्या बोलीतला चढा सूर ऐकून दचकतो आणि आपल्याला कोणी दटावले असे समजतो. परंतु आमचा चढा सूर दूर लोटण्याचा नसतो, हे दोन दिवस राहिल्यावर त्याच्या ध्यानात येते.

शाहू महाराजांनी 1915 साली पॅलेस थिएटर उभारले, तेव्हा नटाजवळ ध्वनिवर्धक नव्हता. ज्यांचे नाव ह्या वास्तूला पुढे मिळाले, त्या केशवराव भोसल्यांच्या पिढीतील नटांना एकांतातले हळुवार वाक्यही हळुवारच ठेवून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवावे लागे. आज ध्वनिवर्धकाने उरातला स्वर हजारोंच्या कानाशी नेण्याची सोय करून दिली असता, आमचे पुष्कळ वक्ते त्याच्यासमोर शिरातून ओरडतात आणि कानाशी बसलेल्या श्रोत्याला कोसभर दूर असल्यासारखे वागवतात, ह्याचे मला मनापासून दुःख होते.

महाराजांच्याच दरबारातील गायक अल्लादियाखाँसाहेबांचे चरित्र माझ्या म्हणण्यास मोठा आधार देते. तरुणपणी अतिगायनाने त्यांचा आवाज बसला, आणि परतला तेव्हा त्यात पूर्वीची फिरत उरली नव्हती. गेलेल्या गोडव्याचा शोक करीत न बसता, हाती राहिलेल्या आवाजाला काय सांगता येईल ह्याचा शोध त्यांनी घेतला. आणि लयीशी घट्ट गुंफलेली, स्वरातून स्वर उलगडत नेणारी जी पेचदार गायकी त्यातून सिद्ध झाली, ती शिकण्यासाठी केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर ह्यांच्यासारख्या थोर गायिकांनी त्यांचे शिष्यत्व पत्करले. दोष म्हणून गणलेला कंठ येथे एका घराण्याच्या विचाराचे साधन झाला.

आता व्यवहाराकडे वळू. कचेरीच्या खिडकीशी अर्ज घेऊन उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला कारकून 'उद्या या' म्हणतो. त्या दोन शब्दांत हुकूमही असतो आणि दिलासाही असू शकतो, परंतु दफ्तरात दोहोंची नोंद एकच. न्यायालयातील जबानीचीही गत तीच झाली असती. मात्र 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने साक्षीदाराच्या आविर्भावाविषयी महत्त्वाचे वाटेल ते नमूद करण्याची मुभा न्यायाधीशाला दिली, आणि साक्षीदार अडखळला, त्याचा स्वर कापला किंवा चढला, हे त्यामुळे कागदावर येऊ शकते. अपिलाच्या न्यायालयापुढे बहुधा केवळ मिसल असते, म्हणूनच ज्याने साक्ष प्रत्यक्ष ऐकली त्या खालच्या न्यायाधीशाच्या मताला तेथे विशेष वजन देतात. हीच काळजी जेथे गरीब मनुष्य रोज काही मागावयास येतो त्या खिडकीशी घेतली जावी, आणि तेथे बसणाऱ्यांच्या शिक्षणात कायद्याच्या कलमांबरोबर बोलण्याच्या स्वराचाही अभ्यास असावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.