खातेउताऱ्यातील अनोळखी नाव

म्हैसूरहून बसने बंगळूरला जाऊन आलेला गृहस्थ महिनाअखेर बँकेचा खातेउतारा वाचू लागतो आणि दचकतो. तिकिटाएवढे पैसे गेलेले दिसतात. परंतु ते ज्याला गेले त्याचे नाव भलतेच! यात लबाडीच असेल असे नाही. उताऱ्यावर नाव येते ते पैसे स्वीकारणाऱ्याचे, गाडी चालविणाऱ्याचे नव्हे. बंगळूरला 2006 साली सुरू झालेली रेडबस 2013 मध्ये इबिबो समूहाने घेतली. त्यानंतरच्या काळात तिच्यामार्फत काढलेल्या तिकिटापुढे इबिबो हे नाव आढळले असल्यास नवल नव्हते. तारीखही प्रवासाची नव्हे, आरक्षणाची असते. शिवाय चिरंजिवांनी आपल्याच खात्यातून सासूबाईंचे तिकीट काढले नाही ना, हेही घरात विचारून घ्यावे.

इतके करून उलगडा झाला नाही, तर मात्र संकोच नको. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात असे ठरविले की, दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसून तिऱ्हाइताचा असेल आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळविले, तर त्याला तोशीस लागू नये. चौथ्या ते सातव्या दिवशी कळविल्यास काही भार त्याच्यावर ठेवला. मुदत मोजावयाची ती सूचनेपासून, उतारा वाचल्यापासून नव्हे. मोबाइलवरील संदेश न वाचताच पुसून टाकण्याची आपली सवय येथे महागात पडते. ओटीपी आपणच कुणाला सांगितला असेल, तर कळवीपर्यंतचे नुकसान आपले. तक्रार नोंदविताच तिचा क्रमांक मागून घ्यावा. तो बँकेने द्यावा, असे त्याच परिपत्रकात म्हटले आहे.