कर्ज घराचे, विमा कोणाचा?



कोथरूडात घर घेणाऱ्या जोडप्याला चटईक्षेत्र, गाडीची जागा, सोसायटीचा खर्च हे सारे तोंडपाठ असते. मात्र हप्ते भरणारा मध्येच गेला तर काय, असे विचारले की ‘अभद्र बोलू नका’ म्हणून विषय मिटवतात. तो अभद्र प्रश्न आज मांडावयाचा आहे.

समजा, साठ लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतले. हप्ता सुमारे बावन्न हजार. दहा वर्षे तो नियमाने भरल्यावर बाकी किती उरेल? तीस लाख नव्हे. सुमारे बेचाळीस लाख! आरंभीचे हप्ते बहुतांशी व्याजातच जातात. पत्नी सहकर्जदार असेल, तर ही सारी बाकी एकटीच्या माथी येते.

कर्ज देणारे कर्जाबरोबरच विमाही पुढे करतात. तो त्यांच्याकडूनच घ्यावा असे कायद्याचे बंधन नाही. त्याचा एकरकमी हप्ता पुष्कळदा कर्जातच मिळवतात. म्हणजे त्यावरही व्याज! शिवाय त्याची रक्कम प्रथम कर्जाकडे जाते. भिंती मोकळ्या होतात, पण चूल कशावर पेटावयाची?

म्हणून हिशेब दोन करावेत. पहिला कर्जाचा: बाकीइतका, कर्जाच्या मुदतीइतका टर्म विमा. दुसरा संसाराचा: महिना पन्नास हजार खर्च असेल तर वर्षाला सहा लाख, मुले मिळवती होईपर्यंतची वर्षे मोजावीत, महागाई धरावी, शिल्लक व जोडीदाराची मिळकत वजा करावी. दोघे मिळवती असतील, तर विमा दोघांचा हवा.

हा दुसरा विमा विवाहित स्त्रियांच्या संपत्तीच्या १८७४ च्या कायद्याखाली घ्यावा. त्याच्या सहाव्या कलमाने पतीने पत्नीमुलांसाठी घेतलेला विमा विश्वस्त निधी ठरतो. धनकोंना फसविण्याचा हेतू नसेल, तर पतीचे धनको त्याला हात लावू शकत नाहीत. मात्र तसे विमा घेतानाच लिहून द्यावे लागते, आणि मग पतीलाही तो परत फिरवता येत नाही. हे कलम आपल्या इलाख्यातील हिंदू, मुसलमान, शीख व जैन पुरुषांच्या विम्यांना १ एप्रिल १९२३ पासून लागू झाले. त्याआधीच, १८९६ साली, अण्णासाहेब कर्व्यांना अनाथ बालिकाश्रम काढावा लागला होता. तो पुढे येथून जवळच हिंगण्यास गेला. कर्ता गेल्यावर बाईच्या हाती काही न उरणे म्हणजे काय, हे या परिसराला कोणी शिकवावयास नको.

अर्जात तंबाखू, मधुमेह, रक्तदाब काही लपवू नये. लपविलेल्या गोष्टीचा जाब विचारला जातो तेव्हा उत्तर देण्यास आपण नसतो, पत्नी असते. आणि विम्याचे कागद कोठे आहेत, हे तिला आजच सांगा.