आरंभशूरांचं वेळापत्रक

मराठीत एक फार नेमका शब्द आहे, आरंभशूर. वेंधळा, धांदरट, विसरभोळा ही त्याचीच भावंडं. हे सारे शब्द आपण माणसाच्या स्वभावाला चिकटवतो. पण काहींच्या बाबतीत प्रश्न स्वभावाचा नसतो, मेंदूच्या घडणीचा असतो. त्याला वैद्यकात एडीएचडी म्हणतात. लक्ष टिकत नाही, मन स्वस्थ बसत नाही, कृती आधी होते आणि विचार मागाहून येतो.

१९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानं अशा मुलांवर व्याख्यानं दिली. त्यालाही हा नैतिक संयमातला दोष वाटला होता. पुढे बरीच वर्षं हा लहान मुलांचाच विकार समजला गेला. २०१३च्या अमेरिकी निदान-नियमावलीनं मोठ्यांसाठी निकष स्पष्ट केले. लक्षणांच्या दोन यादींपैकी एकीतली तरी किमान पाच लक्षणं हवीत आणि त्यांतली काही वयाच्या बारा वर्षांआधीपासून हवीत. थायरॉइड, अपुरी झोप, नैराश्य यांमुळेही लक्ष उडतं. म्हणून निदान मनोविकारतज्ज्ञाकडूनच करून घ्यावं.

माझं निदान पन्नाशी उलटल्यावर झालं. घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, ‘‘कवितेसाठी संपादक थांबतील, विजेचं बिल थांबत नाही. आता पुढे काय करायचं ते सांगा.’’ प्रश्न रास्त होता. निदान म्हणजे सबब नव्हे. अशा माणसाच्या ‘हो’ला घरात किंमत उरत नाही, आणि ती परत मिळवायची तर आखणी लागते.

पहिली गोष्ट, आठवडाभर नुसती नोंद करावी. वेळ कुठं गळतो, डोकं कधी ताजं असतं, कोणती कामं वारंवार राहतात, हे टिपावं. मग त्यातली दोनच कामं निवडावीत. दहा निवडणं हा पुन्हा आरंभशूरपणाच.

दुसरी गोष्ट, डोक्यातलं सारं बाहेर काढावं. किल्लीला एकच खिळा, कामांना एकच वही, आणि बिल दाराजवळ टांगलेलं. आमच्यासारख्यांना काळाचे दोनच भाग कळतात, ‘आत्ता’ आणि ‘नंतर’. म्हणून काळही बाहेर असावा लागतो. पूर्वी गिरणीचा भोंगा, देवळातली घंटा, रेडिओवरच्या बातम्या हे काम करत. मला अजानचा आधार आहे. असरच्या आधी हिशेब, मगरिबनंतर लेखन, असं मी बांधून घेतलं आहे. ज्याला जो ठोका जवळचा, त्यानं तो धरावा.

तिसरी गोष्ट, निश्चयाला प्रसंगाची गाठ मारावी. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं १९९९ साली दाखवलं, की ‘अमुक झालं की तमुक करीन’ असं ठरवलेलं काम नुसत्या संकल्पापेक्षा अधिक वेळा पार पडतं. ‘संग्रह पुरा करीन’ हे काम नव्हे, ती इच्छा झाली. ‘चहाचा कप खाली ठेवला की पहिल्या पाच कविता फाइलीत लावीन’, हे काम. शेजारी कुणी आपलं काम करत बसलं असेल तर तेही सोपं जातं.

औषधं आहेत आणि अनेकांना ती उपयोगी पडतात. मात्र रक्तदाब आणि हृदय तपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती घ्यावीत. झोप आणि रोजचं चालणं यांनाही आखणीत जागा हवी.

आणि एक गोष्ट आधीच लिहून ठेवावी. ही आखणी काही आठवड्यांनी मोडेल. नवेपणा सरला की आमचं मन तिथून उठतं. म्हणून दर रविवारी वही उघडावी, जे चाललं नाही ते बदलावं, आणि मोडल्यावर पुन्हा सुरुवात कशी करायची हेही आखणीतच असावं. घरच्यांनी त्या वेळी टोमणा मारू नये. ‘‘आज पहिलं काम कोणतं?’’ एवढंच विचारावं.

कुणाला बोलायचं असेल, तर २०२२ साली सुरू झालेली ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. आरंभशूराकडे शौर्य असतंच. त्याला हवा असतो तो दुसऱ्या दिवशीचा आरंभ.